वाचकांचे प्रश्न : 'काम समाधानकारक' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मुंबई महापालिकेच्या एका विभाग कार्यालयात मी मुख्य लिपिक आहे. हाताखाली नवे कार्यकारी सहायक (म्हणजे पूर्वीचे लिपिक) आलेत. टायपिंग, एमएस-सीआयटी सगळं आहे, पण काम येतं की नाही हे ठरवायचं कशावरून? कर्मचाऱ्याच्या कामाच्या वार्षिक अहवालात आम्ही 'काम समाधानकारक' लिहून मोकळे होतो.
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : मिनिटाला 30 शब्द ही भरतीची अट झाली. टेबल सांभाळता येतं का, हे तिच्यावरून कळत नाही. केंद्राच्या 'मिशन कर्मयोगी'त (2020) क्षमतेचे तीन भाग धरलेत : वागणूक, कुठल्याही टेबलावर लागणारं कार्यालयीन कौशल्य आणि त्या त्या खात्याचं ज्ञान. आपल्याकडे तिसऱ्याची परीक्षा कुणी घेत नाही. इमारत खात्यात बसणाऱ्याला पालिका अधिनियमातलं कलम 351 विनापरवाना बांधकामासाठी आणि 354 मोडकळीला आलेल्या धोकादायक बांधकामासाठी, एवढं तरी न बघता सांगता यायला हवं. नोटिशीत कलमच चुकलं, तर पुढची सगळी कारवाई कोर्टात लटकते.

बाकीचं टेबलावरच दिसतं. न सांगता जाऊन कुठलीही चार-पाच प्रकरणं काढा. आवक क्रमांक आणि तारीख आहे का, पानांना क्रमांक आहेत का, हे पाहा. मग टिपणी वाचा : मागणी काय, नियम काय म्हणतो, कागद कुठले जोडलेत आणि प्रस्ताव काय. 'आदेशार्थ सादर' एवढ्यावर थांबलेली टिपणी म्हणजे निर्णय साहेबांवर ढकलून मोकळं होणं. त्रुटी एकाच पत्रात कळवल्यात की आज एक, पंधरा दिवसांनी दुसरी, हेही बघा. दुसरा प्रकार असेल तर अर्ज पहिल्या दिवशी नीट वाचलेलाच नाही.

सहा गठ्ठा पद्धत (टेबलावरचे कागद त्यांच्या स्थितीनुसार सहा गठ्ठ्यांत लावणं) असेल, तर आधी प्रतीक्षाधीन गठ्ठा उघडा. बाहेरून उत्तर यायचंय अशी प्रकरणं तिथे असतात आणि नको असलेली प्रकरणंही तिथेच जाऊन बसतात. 'अभिप्राय मागवला आहे' असा शेरा असेल आणि पुढच्या स्मरणपत्राची तारीख नसेल, तर ते प्रकरण प्रतीक्षेत नाही, पडून आहे. त्याची जागा प्रलंबित गठ्ठ्यात, म्हणजे आपल्याकडूनच काम व्हायचं राहिलेल्या प्रकरणांत. दुसरी कसोटी सोपी : कर्मचारी रजेवर असताना शेजारच्याला फाइल पाच मिनिटांत सापडली पाहिजे.

जे दिसलं, ते तारखेसह टिपून ठेवा आणि अहवालात तेच लिहा. 'समाधानकारक' हा शेरा आता तसाही बिनधोक राहिलेला नाही. देव दत्त प्रकरणात (2008) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातला प्रत्येक शेरा, अगदी 'चांगला'सुद्धा, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. कळवल्यावर 'कशावरून?' असं तो विचारणारच.

प्रश्न : अर्ज देऊन दोन महिने झाले. 'साहेबांकडे आहे' एवढंच ऐकायला मिळतं. अशा कर्मचाऱ्याची तक्रार कुठे करायची?
– एक वाचक, दादर

उत्तर : माणसाच्या मागे लागू नका, मुदतीच्या मागे लागा. सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित असेल, तर तिची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपील अधिकारी यांची नावं कार्यालयातल्या फलकावर असायला हवीत. अर्ज क्रमांक आणि तारीख असलेली पोच हातात नसेल, तर अपिलात तुमची बाजू लंगडी पडते. मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला, की 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

सोबत माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका. 'उशीर का झाला?' असं विचारू नका. कारणं मागितली की 'ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर येतं. 'माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे गेला, त्या नोंदीची आणि टिपणीची प्रत द्या' असं लिहा.