चिनी आरमार मांडतोयस? आधी गोदी बघ

इतिहास वेगळा घडला असता तर, या तुझ्या कथेसाठी केलेली चिनी आरमाराची यादी वाचली. 1894 पर्यंत सहा चिलखती युद्धनौका, सगळ्या जर्मनीहून. हौस समजते रे, पण त्यांची डागडुजी कुठे करणार, ते कुठेच लिहिलेलं नाहीस.

जर्मनीत श्टेटिनला बांधलेली चीनची खरी चिलखती युद्धनौका 'डिंगयुआन' 1886 मध्ये दुरुस्तीसाठी थेट जपानमध्ये नागासाकीला न्यावी लागली होती. तिला सामावून घेणारी उत्तर चीनमधल्या ल्युशुन बंदराची सुकी गोदी (पाणी उपसून जहाज दुरुस्त करायची जागा) 1890 मध्ये पुरी झाली. म्हणजे तोवर ज्याच्याशी झुंजायचं, त्याच्याच दारात आपलं जहाज! म्हणून आधी गोद्या मोज, मग जहाजं.

आता तोफा. 'डिंगयुआन'वर 305 मिलिमीटरच्या चार जर्मन क्रुप तोफा होत्या, पण वेग जेमतेम 15 नॉट (ताशी सागरी मैल). जपानी क्रूझर (हलकी, वेगवान युद्धनौका) 'योशिनो' 23 नॉटने पळायची आणि तिच्या तोफा भराभर मारा करायच्या. 17 सप्टेंबर 1894 ला चीन-जपान युद्धातल्या यालूच्या लढाईत 'डिंगयुआन' आणि तिची जुळी 'झेनयुआन' मार खाऊनही तरंगत राहिल्या. बुडाल्या त्या चीनच्या बाकीच्या लहान नौका. म्हणून माझं मत, तुझ्या यादीतली तिसरी अवजड नौका काट आणि त्या पैशात जलद क्रूझर घे. 1898 ला इंग्लंडमधल्या आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात जलावतरण झालेली चिनी क्रूझर 'हाईछी' नमुना म्हणून धर: 4,300 टन, 24 नॉट. तिला काही वर्षं आधी आणायचं सबळ कारण मात्र तुझ्या कथानकात हवं.

दारूगोळ्याचा साठा वेगळ्या रकान्यात लिही. आणि उत्तर-दक्षिणेची आरमारं एका हुकमाखाली आण, कारण 1884 मध्ये फ्रेंचांनी दक्षिणेकडच्या फूझौचं आरमार बुडवलं तेव्हा उत्तरेकडून मदत आली नाही. सुधारलेली यादी पाठव, मी बारकाईने बघतो.