डायनॅस्टीज ऑफ इंडिया : नव्याने खेळणाऱ्यासाठी

एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरच्या युद्धखेळात २०२२ साली ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारातून गुर्जर, द्रविड आणि बंगाली या संस्कृती आल्या. तू नुकताच खेळायला लागला आहेस, तर एक सवय आधी सोड. या तिघांपैकी कुणाकडेच नाइट (चिलखती घोडेस्वार) नाही. कॅसल एजला, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या टप्प्याला पोचून तबेल्यात नाइट शोधत बसशील तर समोरचा दारात उभा असेल.

सुरुवात द्रविडांपासून कर. प्रत्येक नव्या एजला २०० लाकूड आपोआप मिळतं, बराकीतली अपग्रेड्स निम्म्या खर्चात होतात, त्यामुळे पायदळ घेऊन सरळसोट खेळता येतं. पाण्याचा नकाशा असेल तर बिनधास्त यांनाच घे.

गुर्जर मात्र मला मनापासून आवडतात. टाउन सेंटरजवळ (मुख्य इमारतीजवळ) बेरीची दोन झुडपं आयती असतात. मेंढ्या सापडल्या की लगेच कापू नकोस, मिलमध्ये (अन्न जमा करायच्या इमारतीत) आत सोड. व्हिलेजर (कामकरी) न लावता धान्य हळूहळू येत राहतं; जितक्या लवकर सोडशील तितका फायदा मोठा. श्रीवंश रायडर हा त्यांचा खास घोडेस्वार बाण चुकवतो, म्हणून तिरंदाजांवर तो खुशाल घाल. पण भालेवाले किंवा उंट दिसले की मागे घे. जवळच्या मारापासून हे चुकवणं वाचवत नाही, आणि घोडा पटकन मरतो.

बंगाली थोडे थांबून घे. हत्ती महाग पडतात, आणि त्यांचा खास रथ जवळून लढवायचा की लांबून, हे ऐन लढाईत बदलत राहावं लागतं. आधी हात बसू दे.