गाठ लपवू नकोस

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तुझ्या सुतळीच्या शिल्पाचे फोटो पाहिले. ‘ही कला की हस्तकला?’ हा घोळ आधी डोक्यातून काढ. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी १९७०च्या दशकापासून रंगवलेल्या दोराला गाठी मारून मोठमोठ्या आकृत्या उभ्या करत होत्या. लोकांनी त्यांनाही हेच विचारलं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. मुखर्जी कामाआधी रेखाटन करत नसत. गाठीमागून गाठ घेताना आकार सुचत जाई. तुझं तिथेच अडतंय: आकार कागदावर ठरला आणि सुतळी त्यावर नुसती गुंडाळली गेली.

आता कामाचं. गिरणीच्या सुतळीला तेल असतं, त्यामुळे रंग डागाडागांनी बसतो. लडी सैल बांधून धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात आधी धुऊन घे. रंगवायचं तेही गाठी मारण्याआधी. नंतर बुडवलंस तर गाठीच्या पोटात रंग पोचत नाही, आणि वजनाने गाठ सरकली की कोरी रेघ उघडी पडते.

प्रत्येक पदर तयार लांबीच्या चौपट ते पाचपट कापायचा, वीण घट्ट असेल तर आणखी जास्त. कमी पडला तर जोड द्यावा लागतो, आणि शिल्पाला तो लपवायला मागची बाजू नसते!

चौकोनी गाठीत एकदा डावा पदर वरून, पुढच्या वेळी उजवा. सारखा डावाच घेतला की वीण स्वतःभोवती फिरते. तुझ्या शिल्पाच्या खालच्या भागाला पीळ पडलाय तो यामुळेच. तो मला तर सगळ्यात जिवंत भाग वाटला. फक्त पुढच्या वेळी ठरवून पाड.

साध्या लोखंडी सांगाड्याचा गंज पावसाळ्यात सुतळीत उतरतो, मग निघत नाही. रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन हात दे, वर सुती पट्टी गुंडाळ, म्हणजे दोर घसरणारही नाही. टांगायचं काम असेल तर वीतभर नमुना विणून, वजन लावून आठवडाभर लटकव आणि किती ओघळतो ते मोज. ठेवताना प्लास्टिक नको, बुरशी धरते.

शिल्पाच्या पाटीवर ‘मिश्र माध्यम’ नको. ‘तागाची सुतळी, रंग, लोखंड’ असं लिही. गाठी मारायला कारागीर घेतलास तर त्याचं नावही तिथेच. आणि शिल्पासोबतच्या निवेदनातलं ते ‘लुप्त होणारी कला’ काढून टाक. सुतळी बाजारात किलोवर मिळते.

नमुना झाला की चारही बाजूंनी फोटो पाठव.