फॅस्मोफोबिया व्हीआरमध्ये खेळण्यासारखा आहे का? खरंच तपास करायला मिळतो की नुसतं दचकायचं?

तुम्ही लिहिलंय की नवा क्वेस्ट, म्हणजे डोळ्यांवर लावून खेळायचा व्हीआर हेडसेट घेतलाय, तपासाचा खेळ हवाय, आणि मित्र म्हणतो की फॅस्मोफोबिया हा भुताच्या तपासाचा खेळ २०२० पासून अर्ली ॲक्सेसमध्येच, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला ठेवलेल्या अवस्थेत पडलाय, त्यात डोकं लागत नाही. ‘डोकं लागत नाही’ एवढं वाचलं आणि लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या आतेभावाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता कुठेही दिसलं तरी राहवत नाही.

उत्तर आधी देते. घ्या. पण एकट्या क्वेस्टवर चालणार नाही. व्हीआरमध्ये तो पीसीवर, स्टीमव्हीआर या प्रणालीतून चालतो, त्यामुळे बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवं. ऑक्टोबर २०२४ पासून प्लेस्टेशन ५ वर त्याचा पीएसव्हीआर२ हेडसेट घालूनही खेळता येतो.

आता डोक्याचं. यात भुताला मारायचं नसतं, ते कुठल्या जातीचं आहे ते ओळखायचं असतं. जाती वीसहून जास्त, पुरावे सात, आणि प्रत्येक जातीला त्यातले ठरावीक तीन. दोन सापडले की चार-पाच नावं उरतात आणि खरं काम तिथून सुरू होतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ‘बहुतेक हेच असेल’ म्हणून आम्ही कुणाच्या रिपोर्टवर काही लिहीत नाही. मला हा खेळ आवडला तो याच कारणासाठी, आणि दादाशी, म्हणजे त्या आतेभावाशी, बिनसलं तेही याच कारणासाठी.

२०२३ ची दिवाळी नुकतीच झाली होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एक मोठं अपडेट आलं आणि सगळ्यांची लेव्हल आणि पैसे शून्यावर गेले. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या पायरीचीच उपकरणं होती. थर्मामीटर तर असा, की पारा उतरेपर्यंत अंधारात उभं राहायचं. मी सांगलीत, दादा पुण्यात, त्याच्या ऑफिसातला एक मित्रही सोबत. ते दोघे साध्या मॉनिटरवर, मी हेडसेट घालून. खेळातलं घर टँगलवूडचं, लहानसं.

बाळाच्या खोलीत पारा शून्याखाली गेला. मी थर्मामीटर डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला. जमिनीवर ठेवलेल्या वहीत भुताने गिचमिड केली. कडाक्याची थंडी आणि लिखाण, म्हणजे उरले चार: शेड, डेमन, मोरॉय, रेव्हनंट. तिसरा पुरावा शोधायचा तेवढ्यात हंट सुरू झाला, म्हणजे भूत आम्हाला मारायला निघालं. टॉर्च लुकलुकला, बाहेरचं दार बंद झालं. मी जवळच्या खोलीतल्या कपाटात शिरले आणि दार आतून धरून बसले.

मॉनिटरवर हे एका बटणाचं काम आहे. व्हीआरमध्ये मी खरोखर माझ्या खोलीच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, हात पुढे करून ते दार ओढून धरलेलं. बघायला काहीच नाही, त्यामुळे सगळं लक्ष कानात. बाहेरच्या बोळातून पावलं येत होती, अगदी सावकाश. म्हातारं माणूस रात्री पाणी प्यायला उठावं तशी. मी मनात मोजत होते. मग दादाचा मित्र गॅरेजकडे पळाला आणि त्याच क्षणी पावलं सुटली. हळूहळू वेग वाढला असं नव्हे, एकदम सुटली. दोन सेकंदांत तो मित्र मेला.

हा रेव्हनंट. कोणी दिसत नसेल तर तो सेकंदाला एक मीटर चालतो आणि दिसला की तीन मीटर. डेमनसकट बहुतेक भुतं साधारण १.७ ने चालतात, माणूस दिसला तरी वेग चढायला वेळ घेतात. मी वॉकीटॉकीवर सांगितलं, दादा, हा रेव्हनंट आहे, व्हिडिओ कॅमेरा बाहेर आपल्या सामानाच्या ट्रकमध्येच राहिलाय, तो घेऊन येते. खोलीत तरंगणारा ठिपका कॅमेऱ्यात दिसला असता तर विषय संपला असता. चौघांत तो पुरावा फक्त रेव्हनंटचा.

दादा म्हणाला, “डेमन आहे. इतक्या लवकर हंट डेमनच करतो. डोकं लावण्यासारखं काही नाही त्यात, तक्ता बघ.” त्याच्या दुसऱ्या मॉनिटरवर जातींचा तक्ता कायम उघडा असतो. मी म्हटलं, पावलं ऐकलीस का? तर म्हणे, “तू घाबरलीयेस. ते डबडं डोळ्यांना लावून बसलं की असंच होतं.”

आणि मी जर्नलमध्ये, म्हणजे खेळातल्या निष्कर्षाच्या वहीत, डेमन लिहिलं. प्रत्येकाचं जर्नल वेगळं असतं, कोणी बळजबरी करू शकत नाही, तरी मी लिहिलं. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे आणि लहानपणापासून शेवटचा शब्द त्याचा. ट्रक निघाला, निकाल आला: रेव्हनंट.

यावर तो म्हणाला, “नशिबाचा खेळ आहे.” आजही प्रत्येक लग्नात, बारशात हेच सांगतो, की व्हीआरवाले नुसते घाबरतात, तपास मॉनिटरवरच होतो. म्हणून इथे स्पष्ट लिहिते. भीती वाटली म्हणूनच मी श्वास रोखून ऐकत होते, आणि ऐकलं म्हणूनच मला वेगातला फरक कळला. तो खुर्चीवर आरामात बसून तक्ता वाचत होता. आणि ‘लवकर’ हा पुरावाच नाही. आम्ही थर्मामीटर बघत कितीतरी वेळ अंधारात उभे होतो आणि ट्रकमधल्या फळ्यावर आमची सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल, किती उतरलीय ते तिघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं. ती अंधारात उतरते, आणि पुरेशी उतरली की बहुतेक कुठलंही भूत हंट करतं. ती चूक माझीही. पण ती पुराव्यातली चूक होती, हेडसेटची नव्हे.

अर्धवट गेमला पैसे का घालायचे, हाही त्याचाच प्रश्न, तुमच्या मित्राचाही दिसतो. माझं मत: पूर्ण झालेला तपास-खेळ एकदा सोडवला की संपतो. ‘एल. ए. न्वार’ची व्हीआर आवृत्ती २०१७ मध्ये आली. १९४७ चं लॉस एंजेलिस, प्रेताशेजारची वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करायची, वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं. अप्रतिम. पण प्रकरणं सात, आणि खुनी कोण ते कळलं की परत जायला कारण उरत नाही. इथे भूत दर वेळी नवं. २०२२ मध्ये व्हीआरची हाताळणीही नव्याने बांधली. लेव्हल शून्यावर गेली तेव्हा मीही चिडले होते, पण डोकं कुठे शून्यावर गेलं?

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कंट्रोलरची काडी पुढे ढकलून चालायचं असतं, त्याने सुरुवातीला मळमळतं. सलग न वळता झटक्या-झटक्याने वळण्याचा पर्याय ठेवा आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटांवर खेळू नका. स्पिरिट बॉक्स, म्हणजे भुताला तोंडी प्रश्न विचारायचा रेडिओ, त्याच्याशी मराठीत बोलून उपयोग नाही. इंग्रजी प्रश्न एकेक शब्द तोडून विचारले की माझे उच्चार त्याला कळतात. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा. आणि अंधार, बंद जागा यांचा खराच त्रास असेल तर हा खेळ घेऊ नका, दुसरे पुष्कळ आहेत.

खेळायला बसाल तेव्हा टँगलवूडपासून सुरू करा, कॅमेरा पहिल्याच फेरीत आत न्या, निदान दहा तपास तक्ता न उघडता करा. सोबत कोणी असेल आणि पहिल्या हंटलाच “डेमन, डेमन” ओरडायला लागला, तर त्याला विचारा, फळ्यावर सॅनिटी किती होती? सांगता आलं नाही तर जर्नलमध्ये तुम्हाला जे ऐकू आलंय तेच लिहा. मी आता तसंच करते. दादा सोबत असला तरी.