पाचशे खाटा म्हणजे पाचशे नोकऱ्या नव्हेत

तुमच्या पत्रात मुलगा तीनच ठिकाणी भेटतो. बारावीला 64 टक्के. ‘दिवसभर पंखे-मोटारी उघडून बसतो, अभ्यासात लक्ष नाही.’ आणि ‘पाण्याची थोडी भीती आहे, होईल सवय.’ बाकी दोन पानं समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्रांत कामगारांच्या मुक्कामासाठी उभ्या राहणाऱ्या तरंगत्या युनिट्सच्या बाजारपेठेवर खर्ची पडली आहेत. ती किती टक्क्यांनी वाढणार, त्यासाठीचा एक वर्षाचा ‘ऑफशोअर निवास व्यवस्थापन’ डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट आणि घर तारण ठेवून काढायचं कर्ज. तुमचा निर्णय झालेला दिसतो, माझा फक्त शिक्का हवा आहे. तो मी देणार नाही.

गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘होईल सवय’ या दोन शब्दांची. समुद्रावर कामाला जाणाऱ्याला आधी हेलिकॉप्टरमधून सुटण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. सीटला पट्ट्याने बांधलेलं असताना हेलिकॉप्टरचा नकली सांगाडा पाण्यात उतरवतात आणि उलटा करतात. एक हात खिडकीच्या कडेवर ठेवायचा, हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, खिडकी ढकलायची आणि मगच पट्टा सोडायचा. घाबरून पट्टा आधी सोडला की माणूस आतल्या आत तरंगतो आणि दिशा हरवतो. भित्रे म्हणवणारेही हे शिकतात, नाही असं नाही. पण ते स्वतःच्या मर्जीने उतरलेले असतात. वडिलांनी घर गहाण ठेवलंय, आता मागे फिरता येणार नाही, हे ओझं घेऊन पाण्यात उतरणं वेगळं. नको म्हणण्याची सोय तुम्ही त्याच्यासाठी ठेवलेलीच नाही, आणि एकोणिसाव्या वर्षी ती लागते.

आता त्या बाजारपेठेबद्दल. पाचशे खाटांची युनिट्स येताहेत, म्हणजे तेवढ्या नोकऱ्या, असं तुम्ही गृहीत धरलंय. गडबड इथेच आहे. समुद्रात तेल काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवर खाटा मोजक्या असतात, लाइफबोटीतल्या जागाही मोजक्या. नव्या प्लॅटफॉर्मचं हुक-अप, म्हणजे जागेवरची जोडणी, किंवा दुरुस्तीसाठीचं मोठं शटडाउन आलं की आणखी काही शे माणसं लागतात. एस-92 सारख्या हेलिकॉप्टरमध्ये 19 प्रवासी बसतात. तीनशे जणांना नुसतं एकदा पोहोचवायला सोळा फेऱ्या, तेव्हा रोज ने-आण करणं शक्यच नाही. म्हणून निवासी युनिट शेजारी आणून गँगवे, म्हणजे ये-जा करायचा पूल, जोडतात. लाटा मर्यादेबाहेर गेल्या की गँगवे उचलला जातो आणि काम थांबतं. काम संपलं की युनिट निघून जातं. त्या खाटांवर झोपतात ते वेल्डर, फिटर, पराती बांधणारे स्कॅफोल्डर, रंगारी, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. त्यांना कामावर ठेवतात तेल कंपनी आणि तिचे कंत्राटदार. युनिटची स्वतःची माणसं त्यामानाने थोडी: मास्टर म्हणजे कप्तान, युनिट जागच्या जागी धरून ठेवणारे डीपी ऑपरेटर, इंजिन आणि इलेक्ट्रिकलवाले, क्रेन, डॉक्टर नाहीतर मेडिक, आणि केटरिंग. ‘व्यवस्थापन’ म्हणतात ते, म्हणजे राहण्या-जेवणाची सोय, पाहतो कॅम्प बॉस. तो बहुधा स्वयंपाकघरातून किंवा स्टुअर्डच्या कामातून वर चढलेला असतो, एक वर्षाच्या डिप्लोमातून नव्हे.

तुम्ही बाजाराच्या अहवालातून उचललेला वाढीचा आकडाही जरा उलगडून बघा. बाजारपेठेचा आकार म्हणजे ढोबळमानाने दिवसाचं भाडं गुणिले भाड्याने गेलेले दिवस. भाडं दुप्पट झालं की एकही नवी खाट न घालता ‘बाजार’ दुप्पट होतो. शिवाय साधा सपाट तराफा म्हणजे बार्ज, समुद्रतळावर पाय रोवून उभं राहणारं जॅक-अप आणि अर्धवट बुडून तरंगणारं सेमी-सबमर्सिबल हे सगळं एकाच बेरजेत घातलेलं असतं. पाहायचं असेल तर किती युनिट्सना कंत्राट आहे आणि किती महिन्यांचं, ते पाहा. उत्तर समुद्रात बरंचसं काम उन्हाळ्याच्या हंगामापुरतं असतं, ब्राझीलमध्ये कंत्राटं लांब मुदतीची मिळतात. तेल 2014 मध्ये पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी 2016 मध्ये तिशीच्या खाली आलं. पुढच्या काळात जुनी सेमी-सबमर्सिबल भंगारात गेली आणि चिनी यार्डात तयार झालेली काही नवी युनिट्स वर्षानुवर्षं तशीच धक्क्याला बांधून राहिली. कर्जाचे हप्ते मात्र असे धक्क्याला बांधून ठेवता येत नाहीत.

‘समुद्रातलं हॉटेलच ते’ हेही पत्रातून काढून टाका. 27 मार्च 1980 ला उत्तर समुद्रात अलेक्झांडर किएलांड हे असंच युनिट उलटलं आणि 212 पैकी 123 माणसं गेली. सुरुवात झाली होती एका जोडपट्टीवरच्या निकृष्ट वेल्डपासून.

माझं मत विचाराल तर तो डिप्लोमा सोडा. तुम्ही जी तक्रार म्हणून लिहिलीत, त्या पंखे-मोटारींकडे बघा. मुलाची तयारी असेल तर इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा. प्रवेशाची वाट नेहमीचीच. पुढे स्फोटक वायूच्या क्षेत्रातल्या विद्युत उपकरणांचं प्रशिक्षण. आतली ज्वाला बाहेर जाऊ न देणाऱ्या ज्वालारोधक पेटीचा एक बोल्ट राहिला, फ्लँजवर म्हणजे झाकणाच्या जुळत्या कडेवर ओरखडा पडला किंवा केबल आत शिरते तिथला ग्लँड चुकीचा बसला, की तिचं संरक्षण संपलं. हे डोळ्यांनी पकडणारा माणूस हुक-अपला लागतो, आणि रिफायनरीत, रसायनांच्या कारखान्यातही. समुद्रातलं काम आटलं तरी त्याची भाकरी जमिनीवर चालू राहते. शिवाय समुद्रावर जायचं की नाही हे त्याला पंचविशीत, हातात कसब असताना ठरवता येईल.

दोन गोष्टी मात्र पैसे भरण्याआधीच करा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घ्या. तारांचे रंग ओळखता आले नाहीत तर ही वाट इथेच अडते, आणि हे फी भरल्यावर कळण्यात अर्थ नाही. दुसरं, प्लेसमेंटसाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला लगेच नाही म्हणा. 2006 च्या सागरी श्रम करारानुसार जहाजावरच्या माणसाकडून नोकरी लावण्याचं शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि खलाशी पुस्तिका यांचा खर्च तेवढा त्याचा. संस्था सुरुवातीलाच ‘बोसिएट’, म्हणजे समुद्रावर जाण्याआधीचं सुरक्षा प्रशिक्षण, करून घ्या म्हणेल, तेही नको. त्याची मुदत चारच वर्षं असते आणि घड्याळ पहिल्या दिवसापासून सुरू होतं. नोकरीचं पत्र हातात आल्यावर करावं, अनेकदा कंपनीच त्याचा खर्च उचलते.