नववीत पोरं जातात कुठे?

प्रश्न: ताई नमस्कार. मी भांडुपला राहते, आमचा महिला बचत गट आहे. आमच्या चाळीतली पोरं आठवीपर्यंत पालिकेच्या शाळेत नीट जातात आणि नववीत हळूहळू गायब होतात, कोणी गॅरेजला, कोणी केटरिंगला, पोरी धाकटी भावंडं सांभाळायला घरी. शाळा म्हणते पालक लक्ष देत नाहीत, पालक म्हणतात शाळा काही कळवत नाही. आम्ही यात पडावं का, की हे शाळेचंच काम आहे?

उत्तर: पडाच, आणि आत्ताच पडा. काम शाळेचं आहेच, पण एकट्या शाळेच्यानं ते होत नाही. शाळेतले कितीतरी शिक्षक बदलापूर, विरारहून लोकलने येतात. शाळा सुटल्यावर ते तुमच्या गल्लीत कधी येणार, आणि आले तरी त्या वेळी मुलाची आई धुण्याभांड्याच्या कामावर असते. तुम्ही मात्र रात्री आठलाही त्याच गल्लीत असता.

आधी नववीच का ते बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो ६ ते १४ वयाला म्हणजे पहिली ते आठवीला लागू. पालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिकच्या मानाने कमी, त्यामुळे बऱ्याच मुलांना आठवीनंतर दाखला काढून दुसरी शाळा शोधावी लागते, ती लांब असते, तिथे फी असते, बसचा खर्च असतो, आणि कुणाचं घर प्रकल्पात जाऊन कुटुंब माहुलसारख्या लांबच्या पुनर्वसन वसाहतीत गेलं असेल तर विचारूच नका. मधल्या मे-जूनमध्ये पोरगं निसटतं. जुन्या शाळेच्या लेखी ते पास होऊन गेलं, नव्या शाळेच्या लेखी ते आलंच नाही, कुठल्याच हजेरीपटात नाव नाही, मग शोधणार कोण? म्हणून एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांकडे जाऊन आठवीतल्या तुमच्या वस्तीच्या मुलांची यादी करा, कोण कुठल्या शाळेत जाणार ते लिहून घ्या आणि जुलैमध्ये एकेकाच्या घरी जाऊन खरंच जातोय का ते बघा. एवढं एकच केलंत तरी मोठं काम होईल.

दुसरं, गैरहजेरी. कुठलंही मूल एका दिवसात शाळा सोडत नाही, आधी सोमवार बुडतो, मग परीक्षेचे दिवस, मग आठवडाच. वर्गशिक्षकांशी ठरवून टाका की सलग तीन दिवस मूल आलं नाही तर गटातल्या दोघींना मेसेज करायचा आणि त्याच संध्याकाळी दोघींनी घरी जायचं. जाऊन "का पाठवत नाही" असं विचारू नका, त्याने आईबाप गप्प होतात. "बरं नाही का, काही अडलंय का" असं विचारा. मग खरी कारणं बाहेर येतात. गणित कळत नाही, वर्गात सगळ्यांसमोर अपमान झाला, पाळी आली आणि शाळेच्या बाथरूमला कडी नाही, बाप आजारी पडून पगार बंद झाला. प्रत्येकाला उपाय वेगळा लागतो आणि नुसतं समजावून यातलं काहीच सुटत नाही. आणि कुणाच्या घरचं काही कळलं तर चाळीच्या ग्रुपवर टाकायचं नाही, अजिबात नाही, एकदा बोभाटा झाला की ते घर तुम्हाला पुन्हा दार उघडणार नाही.

कडीचा प्रश्न असेल तर तो शाळा व्यवस्थापन समितीत न्या. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका लागतात, तुमच्यातल्या कोण आहेत बघा आणि गळती हा विषय दर मीटिंगला लेखी घ्यायला लावा. पैशाचा असेल तर आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा, सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी असते, पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आई किंवा वडील गेले असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. अभ्यासाला जागा नसेल तर गणपती मंडळाचं ऑफिस वर्षातले किती महिने बंद असतं बघा, तिथे संध्याकाळी दोन ट्यूबलाइट आणि कॉलेजमधली दोन पोरं बसवलीत तर अभ्यासिका सुरू होते.

गॅरेजवाला आणि केटरर, दोघेही तुमच्याच भागातले असणार, त्यांच्याशीही बोला. १४ च्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, १४ ते १८ ला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. ऐकत नसतील तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न: माझा मुलगा नववीत नापास झाला. शाळा म्हणते दाखला घेऊन जा आणि पुढे १७ नंबर फॉर्म भरा. मी काय करू? (एक आई, कुर्ला)

उत्तर: दाखल्याच्या अर्जावर लगेच सही करू नका. १७ नंबर फॉर्म म्हणजे बाहेरून दहावीला बसणं, ज्यांची शाळा आधीच सुटलीय त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे, पण शाळेत असलेल्या मुलाला दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून त्या वाटेला लावणं मला अजिबात पटत नाही. रोजचा वर्ग गेला की अशा मुलाला अभ्यासाला बसवणारं कुणीच उरत नाही, आणि ज्याला सगळ्यात जास्त शिकवायला हवं तोच घरी बसतो. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या की मुलाला याच शाळेत पुन्हा नववीत बसायचंय, फेरपरीक्षा असेल तर तीही विचारा, आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या. जाताना पालक-शिक्षक संघातलं कोणीतरी सोबत न्या, एकट्या बाईला जे उत्तर मिळतं ते चौघांना मिळत नाही. तरी नाहीच म्हणाले तर शिक्षण निरीक्षकांच्या ऑफिसात तोच अर्ज द्या. आणि मुलाला या दिवसांत घरात टोमणे मारू नका हो, तो आधीच खचलेला असेल.

प्रश्न: मी १९ वर्षांचा आहे, अंधेरीत कुरिअरचं काम करतो, नववीत शाळा सुटली. आता दहावी होईल का?

उत्तर: होईल. मुंबईत रात्रशाळा आहेत, दिवसा काम करून संध्याकाळी वर्ग. मासूम ही संस्था अशा शाळांसोबत काम करते, तिथे विचारलंस तर जवळची शाळा कळेल. कामाची वेळ जुळत नसेल तर १७ नंबर तुझ्यासाठी योग्य, फॉर्म बोर्डाच्या वेबसाइटवर भरतात आणि मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, त्यामुळे परीक्षा जवळ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावीही आहे, तिथे विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. एखाद-दोन विषय राहिले तरी बोर्डाची पुरवणी परीक्षा असते आणि एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. पण या सगळ्याआधी जुन्या शाळेत जाऊन दाखला काढ, हरवला असेल तर डुप्लिकेट मिळतो, त्यांच्या जनरल रजिस्टरला तुझं नाव असतंच. सुट्टीच्या दिवशी शाळेचं ऑफिस बंद असतं, तेव्हा मालकाकडून एक सकाळ मागून घे.