फरा बाहेर आला, हात वर जाईना

प्रश्न : आमचे हे केळी कटाईच्या टोळीत आहेत. उजव्या खांद्यावर घड वाहतात. महिनाभरापासून उजवा हात डोक्यापर्यंत जात नाही, पाठीचा फरा पंखासारखा बाहेर येतो. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. एक्स-रेत मानेचे मणके झिजलेले निघाले. गावातले एक जण ‘नस चढली’ म्हणून हात ओढून देतात. काय करावे? – एक भगिनी, रावेर तालुका

उत्तर : ताई, ते ओढणे आजच थांबवा. दुखावलेल्या नसेला ताण सोसत नाही.

हाताच्या नसा मानेतून निघतात. मानेच्या शेवटच्या चार आणि छातीची पहिली अशा पाच मुळांचे जाळे गळपट्टीच्या हाडाखालून काखेत उतरते. यजमानांचे दुखणे मला त्याच्या वरच्या मुळांपासून फुटणाऱ्या एका लांब, बारीक नसेचे वाटते. तिचे नाव लाँग थोरॅसिक नर्व्ह. ती बरगड्यांच्या कडेने खाली जाते आणि सिरेटस अँटीरियर हा एकच स्नायू चालवते. फऱ्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा तोच, आणि हात वर नेताना फरा फिरवणाराही तोच. या नसेकडे कातडीची जाणीव नाहीच, मग मुंग्या येणार कुठून? त्यामुळेच हे दुखणे फार वेळा उशिरा ध्यानात येते, याची मला खरोखर हळहळ वाटते.

20-25 किलोचा घड रोज एकाच खांद्यावर आला की खांदा खाली दबतो, मान दुसरीकडे कलते आणि नस ताणली जाते.

यजमानांना शर्ट काढून भिंतीसमोर उभे करा. दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर टेकवून भिंत ढकलू द्या. उजव्या फऱ्याची कण्याकडची कड उचलली गेली, तर संशय बळावतो.

मणक्यांची झीज चाळिशीनंतर पुष्कळांच्या एक्स-रेत दिसते. नस मात्र त्यात दिसतच नाही. मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा, ते ईएमजी, म्हणजे नस आणि स्नायूचे काम विजेच्या संकेतांवरून पाहणारी तपासणी, सांगतील. दुखावलेली नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर पुन्हा वाढते, म्हणून बरे व्हायला 6 महिने ते 2 वर्षे लागू शकतात. बहुतेकांचा हात सुधारतो. तोवर घड वाहणे बंद. मुकादमाला सांगून फण्या धुण्याचे किंवा मोजणीचे काम मागा. खांदा आखडू नये म्हणून व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्या.

पंजाची पकड सैल झाली किंवा चालताना पाय अडखळू लागले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.